क्वाबेनाला सांगायचं राहिलेलं

घानाला जाऊन आलो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "तिकडं काय काम काढलंस?" त्याचं काही चुकत नाही. लांज्याकडचा पाइप फिटर, कतारच्या रास लफानला अठरा वर्षं घासलेली, वर्षाकाठी एकदा व्हेकेशन मिळते. अशा माणसानं दोह्याहून विमान पकडायचं ते मुंबईचं, आणि घरी जाऊन आडवं पडायचं. मी मात्र या वर्षी पहिले आठ दिवस पश्चिम आफ्रिकेला दिले. जंगल बघायला नाही, सिंह बघायलाही नाही. एका माणसाला शोधायला गेलो होतो.

का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सहा वर्षांपूर्वी आमच्या साइटवर क्वाबेना नावाचा स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर होता. उंचावर काम करायला लोखंडी पाइपांची परांची बांधतात, ती त्याची माणसं बांधायची. तो रोज सकाळी वर चढून प्रत्येक फळी टाचेनं ठोकून बघायचा, सैल असेल तर स्वतः तार बांधायचा आणि मग शिडीपाशी हिरवा टॅग लावून सही करायचा. हिरवा टॅग म्हणजे चढा बिनधास्त. त्याला घरचे लाडानं कोबी म्हणतात हे कळल्यावर आम्ही मराठी मंडळींनी त्याला वर्षभर सळो की पळो करून सोडलं. कोबीचा भाव काय, कोबी शिजला का, वगैरे. शेवटी त्यानंच सुपरमार्केटातून एक गड्डा आणून माझ्या खाटेवर ठेवला आणि म्हणाला, "भाई, मेरा फोटो रख ले." तेव्हापासून आमची दोस्ती. खोली एक, बस एक, शुक्रवारी अल खोरच्या समुद्रावर फिरणंही एकत्र.

एके दिवशी दुपारी मला एक पाइप जागेवर बसवायचा होता आणि मधे एक फळी आडवी येत होती. फळी हलवायची तर स्कॅफोल्डरला बोलवायचं, हा नियम. पण त्याला बोलावलं की तास जातो, आणि पाच वाजता बस सुटते. सगळे फिटर करतात तेच मी केलं. तार सोडली, फळी सरकवली, पाइप बसवला आणि फळी नुसती ठेवून दिली. तार बांधायची राहिली. त्याच दुपारी, बस सुटायच्या आधी, पाइपांवर आवरण चढवणारा एक नेपाळी इन्सुलेटर त्या फळीवर पाय ठेवून खाली गेला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

टॅगवर सही क्वाबेनाची होती. चौकशीत त्याला विचारलं, "सकाळी तपासलं होतंस का?" तो म्हणाला, हो. "ही फळीसुद्धा? नक्की?" त्यावर तो गप्प झाला. मी चार हातांवर उभा होतो आणि मीही गप्प होतो. आठवड्यात त्याचं खलास झालं, घरी पाठवला. जाताना माझ्या गळ्यात पडून रडला आणि मला म्हणाला, "माझ्यामुळे तुमच्या टीमला त्रास झाला, माफ कर." या वाक्यानं मला पुढची सहा वर्षं सुखानं जेवू दिलं नाही.

बायकोला, सुनंदाला, हे मी गेल्या वर्षी सांगितलं. तिनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि म्हणाली, "फोनवर सांगाल तर नंबर बंद, आनी पत्र धाडाल तर पळवाट. तुमी आदी तकडं जावा, त्येला तोंडावर सांगा, मंगच घरी येवा." आमच्या घरात हुकूम असाच सुटतो.

समैस्मा

जायचं म्हटलं तरी पत्ता कुठे होता? कतारमध्ये घानाचे लोक भेटतात ते बहुतेक सिक्युरिटीत. मॉल असो, बँक असो, गेटवरचा माणूस घानाचा वाटला की मी विचारायचो, "क्वाबेना ओळखता?" ते पोटभर हसायचे. मंगळवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा त्यांच्याकडे क्वाबेना. म्हणजे 'गणपतला ओळखता का' असं अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात विचारत फिरण्यातला प्रकार.

समैस्माला समुद्रकाठच्या एका व्हिलाच्या गेटवर सॅम्युएल भेटला. त्यानं मात्र उलटे प्रश्न केले. कोणत्या गावचा? खूण काय? मी म्हणालो, फोसू नावाच्या गावाबद्दल बोलायचा, डाव्या भुवईत खाच आहे. मग तो म्हणाला, "माझी बहीण फोसूच्या बाजारात बसते. कतारहून परत आलेला क्वाबेना तिथे असेल तर ती सांगेल." दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: असा एक माणूस आहे, पण नक्की तोच का, ते तू जाऊन बघ, इन्शाल्ला. एवढ्या आधारावर मी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली आणि व्हिसाला अर्ज केला.

आक्रा

विमानातून उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती हवा. दोह्याची हवा अंगाला भाजते. इथली हवा अंगाला चिकटते, आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, पण घरी जायच्या आधी जे करायचं होतं ते अजून बाकी होतं.

टॅक्सीवाला एको हा गुरुवारी जन्मलेला, हे त्यानंच सांगितलं. मग विचारलं, "तुझा वार कोणता?" मला तारीख माहीत, वार कुठला माहीत असायला! तो इतका चकित झाला की त्यानं गाडीचा वेग कमी केला. माणसाला स्वतःचा वार ठाऊक नाही? मी सुनंदाला फोन लावला. तिनं कपाटातून माझी पत्रिका काढून बघितली आणि सांगितलं, गुरुवार. एकोला असा आनंद झाला की विचारू नका. म्हणाला, "म्हणजे तू माझाच भाऊ. आमच्या बाजूला गुरुवारच्याला एको म्हणतात, फोसूकडे याव. आजपासून तू याव." आपल्याकडे पत्रिका लग्नापुरती लागते. तिथे तिनं मला विमानतळापासून अर्ध्या तासात नातेवाईक मिळवून दिला.

दुपारी रस्त्याकडेला त्यानं वाचे खाऊ घातलं. चवळी घालून शिजवलेला भात, पानात बांधलेला, वर लालभडक मिरचीचं कालवण आणि तळलेला मासा. मी दोन पानं संपवली. विकणारी बाई माझ्याकडे बघून एकोला काहीतरी म्हणाली. "विचारतेय, याच्या घरी जेवायला घालत नाहीत का?" कॅम्पच्या मेसची डाळ तिला कशी समजावणार!

फोसूच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी एकोच्या टॅक्सीतून समुद्र सोडून आत वळलो आणि माती लाल झाली. अगदी आपली, जांभ्याची. दोन्ही बाजूंना नारळ, केळी, मधेच आंबा. एकदोनदा वाटलं की पुढच्या वळणावर एसटीचा थांबा दिसेल. फरक पडला तो कोकोच्या झाडांमुळे. फळं फांदीच्या टोकाला न लागता सरळ खोडालाच लटकलेली, आपल्या फणसासारखी. अठरा वर्षं वाळू आणि पाइप बघितलेल्या डोळ्यांना ते हिरवं सोसवेना. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो.

फोसूला सॅम्युएलच्या बहिणीनं, बाजारातल्या कांद्याच्या ढिगामागून हात पुसत उठून, आम्हाला एका घरी नेलं. बाहेर येणारा क्वाबेना बघून माझा चेहरा पडला. साठीचा, ठेंगणा, दोन्ही भुवया शाबूत. हा कुवेतहून परत आलेला होता. तिच्या लेखी आखात एकच. पण पाहुणा दारातून परत कसा जाईल? त्यानं बसवलं आणि फुफू आणलं. कसावा आणि कच्ची केळी उकडून, दोन बायकांनी उखळात धपाधप कुटून केलेला मऊ गोळा, तिखट रश्श्यात बुडवलेला. मी घास घेतला आणि चावू लागलो. घर हसायला लागलं. फुफू चावत नाहीत, गिळतात! मी गिळायला गेलो तर ठसका लागला, मग पाठीत चार धपाटे बसले. डोळ्यांतून पाणी काढत मी माझ्या क्वाबेनाची भुवई, त्याचं टाचेनं ठोकणं, सगळं साभिनय सांगितलं. तेव्हा कुवेतवाला म्हणाला, "अरे, मांडववाला! अंत्यविधीचे मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देतो तो. पण तो कधी वर चढत नाही."

तो वर चढत नाही हे ऐकून हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

मामाचं अंगण

क्वाबेनाचं घर गावाच्या टोकाला. अंगणात निळे पत्रे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी. तो पाठमोरा उभा होता, खुर्च्या मोजून देत होता. वळला, मला बघितलं, हातातली खुर्ची पडली. "विलासभाई!" मग जे कवटाळलं ते सोडेना. पोट सुटलंय, केस पांढरे झालेत, भुवईतली खाच आहे तशी. "कैसा है? यल्ला, अंदर चल." हिंदी अजून शाबूत होतं. मला वाटलं, आत्ताच सांगावं, दोघंच आहोत. पण तोवर घरातून माणसं यायला लागली आणि ती संधी गेली.

त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याची एक रीत आहे. घरातले मोठे अर्धगोलात बसतात. पाहुण्यानं उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. डावा हात पुढे करायचा नाही, हे आपल्यासारखंच. क्वाबेनाच्या म्हाताऱ्या आईपाशी पोचल्यावर मी सवयीनं वाकून पायांना हात लावला. ती दचकली. तिला वाटलं माझं काहीतरी पडलं, म्हणून तीही खाली वाकून शोधू लागली. डोक्याला डोकं आपटलं. इथवर सगळं हसण्यावारी होतं.

मग पाणी दिलं. मधल्या खुर्चीवरचा पंचाहत्तरीचा माणूस, क्वाबेनाचा मामा, खाकरला. त्यांच्यात घराचा कर्ता बाप नसतो, आईचा भाऊ असतो, त्याला वोफा म्हणतात. वोफा शाळामास्तर होते. एकोनं त्यांना माझं नवं नाव सांगून ठेवलं होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "याव, आमच्याकडे सगळं शांत आहे. वाट चालून तू आलास. आता तू सांग, कशासाठी आलास."

आमच्याकडे पाहुण्याला 'का आलात' असं विचारलं तर तो उठून जाईल. चहा, पोहे, गावच्या चौकश्या, सगळं झाल्यावर निघता निघता दारात चपला घालताना माणूस मुद्द्यावर येतो. माझा बेतही तसाच होता. दोन दिवस राहायचं आणि जाताना क्वाबेनाला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. इथे पहिल्या पेल्यालाच प्रश्न, आणि तोही आईसमोर, बहिणींसमोर, मामासमोर.

मी म्हणालो, "मित्राला भेटायला."

वोफांनी ते आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. आई काहीतरी बोलली. वोफा म्हणाले, "ती म्हणते, भेटायला माणूस शेजारच्या गावाहून येतो. समुद्र ओलांडून येणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. तुझं ओझं खाली ठेव." त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता. मला बोलणं सोपं जावं म्हणून ते विचारत होते.

मग मी सांगितलं. फळी, तार, पाचची बस, सगळं. "क्वाबेनानं तपासलं तेव्हा फळी बांधलेली होती. मी सोडली. तो गेला तेव्हा मी बोललो नाही. भीती वाटली." प्रत्येक दोन वाक्यांनी थांबायचं, वोफा ते आईला सांगणार, मग पुढचं. अशी कबुली कोणावर येऊ नये. आपलंच पाप तुकड्यातुकड्यानं, दुसऱ्याच्या तोंडून, परक्या भाषेत पुन्हा ऐकायचं. मी क्वाबेनाकडे बघितलं नाही. मला फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठून घरामागे निघून गेला होता.

शेवटी आई बोलली. वोफा म्हणाले, "ती विचारते, त्या नेपाळी माणसाचा पाय कसा आहे? ती सहा वर्षं रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते."

"बरा आहे," मी म्हणालो. "चालतो. आता कतारमध्येच हमद पोर्टला कामाला आहे. मागच्या वर्षी मुलीचं लग्न केलं." ते ऐकून म्हातारीनं दोन्ही हात वर केले आणि मला तिथे रडू फुटलं. लाज वाटली नाही.

चर्चचा मनोरा

रात्र गावातल्या लॉजवर काढली. सकाळी एको म्हणाला, "निघूया?" मी म्हणालो, दुपारपर्यंत थांबू. नऊ वाजता क्वाबेना आला. डोळे सुजलेले. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"मला तुला मारायचं होतं," तो म्हणाला. "रात्रभर तेच मनात होतं."

"मार," मी म्हणालो.

"गप्प बस. ऐक. सहा वर्षं मी ती फळी बांधतोय. डोळे मिटले की तार दिसते. तीन पीळ मारताना माझे हात दिसतात. मग वाटतं, नाही, मारलेच नसतील, नाहीतर माणूस पडला कसा? मला वाटलं माझी नजर गेली. माझा हात गेला. मी माझ्या माणसांना मांडव बांधायला लावतो आणि खाली उभा राहतो, कारण माझ्या सहीवर माझाच भरवसा नाही." तो थांबला. "मी बांधली होती. बांधली होती ना?"

"बांधली होती. पक्की होती. तार सोडवायला मला पक्कड लागली."

हे ऐकून तो भिंतीला टेकला आणि कितीतरी वेळ पक्कड, पक्कड, असं म्हणत राहिला.

मी इतकी वर्षं समजत होतो की त्याची नोकरी मी घेतली. नोकरी गेली तशी दुसरी उभी राहिली, धंदा बरा चाललाय. मी घेतलं होतं ते वेगळंच, आणि ते मला ठाऊकही नव्हतं.

मग तो कामाचं बोलू लागला. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. वेळ लागेल. पण तिथल्या फाइलीत माझं नाव आहे. ते तू काढ. आज. माझ्यासमोर." मी फोन काढला आणि आमच्या सेफ्टी ऑफिसरला मेल लिहायला बसलो. इंग्रजी माझं बेताचं. लिहिलं की, फळी बहुधा माझ्याकडून सरकली असावी. क्वाबेनानं खांद्यावरून वाचलं आणि बोट ठेवलं. "बहुधा काढ. सरकली काढ. मी काढली, असं लिही." मी तसं लिहिलं. "तार लिही. पक्कड लिही." तेही लिहिलं. पाठवलं.

त्या मेलचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. परत आल्यावर बोलावणं आलं. जबाब घेतला, दोनदा. मधल्या वर्षांत मिळालेलं माझं फोरमनपद गेलं, मी पुन्हा साधा फिटर झालो आणि माझ्या हाताखाली शिकलेला मालेगावचा पोरगा आता मला कामं वाटून देतो. नोकरी राहिली. क्वाबेनाच्या फाइलीवर दुरुस्ती झाली आणि तसं पत्र त्याला गेलं. सुनंदाला पद गेल्याचं सांगितलं तर म्हणाली, "जाऊंदे. आता जेवता तरी पोटभर."

तर त्या सकाळी मेल गेल्यावर क्वाबेना म्हणाला, "चल." कुठे, ते सांगितलं नाही. गावाच्या मध्यावर चर्चचा नवा मनोरा बांधताहेत. त्याला बांबूंची आणि फळ्यांची परांची होती, तीन मजली घराएवढी. आपल्याकडे बांधतात तशीच, सुंभाऐवजी नायलॉनची दोरी. चार गवंडी वर काम करत होते. क्वाबेनानं खालून एक बांबू हलवून बघितला, तोंड वाकडं केलं आणि चपला काढल्या.

"किती वर्षांनी?" मी विचारलं.

"मोजू नको," तो म्हणाला आणि चढायला लागला.

पहिल्या टप्प्यावर थांबला. दोन्ही हातांनी बांबू धरून ठेवला. खाली बाजारातल्या बायका बघायला जमल्या. कुवेतवाला क्वाबेनाही आला. कोणीतरी वोफांना बोलावलं, ते काठी टेकत आले आणि मान वर करून उभे राहिले. दुसऱ्या टप्प्यावर त्यानं टाच उचलली आणि फळीवर मारली. ठक. मग पुढची, मग त्याच्या पुढची. एकीचा आवाज वेगळा आला. त्यानं बसून दोरी सोडली, फळी नीट सरकवली आणि परत बांधली. किती पीळ मारले ते मी मोजले. तीन. मग तो गवंड्यांवर असा ओरडला की मला रास लफान आठवलं. एकोनं मला सांगितलं, "म्हणतोय, इथली फळी कोणी हलवली तर आधी मला बोलवायचं. तास गेला तरी चालेल."

मग त्यानं माझ्याकडे खाली बघितलं. हसला नाही. नुसता हात हलवला. "विलासभाई, वर ये."

मी बूट काढले आणि चढलो. त्यानं नुकतीच बांधलेली फळी मधे होती. तिच्यावर पाय ठेवला, मग दुसरा पाय ठेवला, आणि सगळा भार टाकून उभा राहिलो. क्वाबेना माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या पायांखालच्या फळीकडे बघत होता. ती हलली नाही.